पहाटपाळीचा वारस

धाकटा भाऊ लॉन्ड्रीत कामाला लागला की आपल्या पदरात काय काय पडणार, याची उजळणी दादाने इतकी वर्षं केली होती की ती त्याला पाढ्यासारखी पाठ झाली होती. रोजची साडेतीन तासांची जादा झोप ही त्यातली सगळ्यात मोठी बाब. त्याखालोखाल घरचा गरम चहा. अकरा वर्षं तो थर्मासमधला चहा पीत आला होता, आणि थर्मासमधल्या चहाला चहापेक्षा थर्मासचीच चव जास्त येते. मग मुलगी. सात वर्षांची चिमी शाळेला कशी निघते, वेण्या घालताना आईशी किती भांडते, हे दादाने कधी पाहिलंच नव्हतं. एकदा सुट्टीच्या दिवशी सकाळी बापाला अंथरुणात बघून तिने काळजीने विचारलं होतं, "आई, बाबा आजारी आहेत का?"

शिवाय एक बाब अशी होती की ती दादा स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलत नसे. जो उशिरा येतो त्याला लोक मालक म्हणतात. जो पावणेपाचला येऊन बॉयलर पेटवतो त्याला लोक "अरे, ऐक जरा" म्हणतात.

लॉन्ड्रीचा नियम वडिलांनी घालून दिलेला होता. घरातल्या सगळ्यात धाकट्या कमावत्याने पहाटपाळी करायची. वडिलांच्या काळात ती काकांनी केली, दादा हाताशी आल्यावर काकांनी चावी त्याच्या हातात दिली आणि त्या दिवसापासून ते आठच्या आत कधी उठल्याचं कुणी पाहिलं नाही. वडील गेले, काका थकले, नियम तेवढा ठणठणीत राहिला. पावणेपाचला बॉयलर, पाचला पहिली धुणी, सहाला ओल्या चादरी मशीनमधून उपसून पिळणीच्या यंत्रात घालायच्या, आणि नऊच्या आत इस्त्री होऊन गठ्ठे हॉटेलांच्या मागच्या दाराशी. कोरडी चादर फुलासारखी असते. ओली चादर म्हणजे झोपलेलं जनावर. अशा साठ-सत्तर चादरी रोज पहाटे.

धाकट्याने शिक्षण संपवून दोन वर्षं इकडेतिकडे नोकऱ्या करून पाहिल्या आणि पंचविसाव्या वर्षी एके दिवशी येऊन म्हणाला, "दादा, मी येतो आपल्या लॉन्ड्रीत." दादाने वरकरणी "बघ बाबा, कष्टाचं काम आहे" एवढंच म्हटलं. पण त्या दिवशी त्याने चिमीला दोन आइसक्रीम घेऊन दिली, आणि बायकोने ओळखलं की हा माणूस आतून नाचतोय.

तीन महिने सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. दादा साडेसातला उठायला लागला. चिमीलाही बाप सकाळी असतो याची सवय झाली.

मग इस्त्रीवाल्या मावशींनी एक दिवस हळूच कानावर घातलं, "दादा, तुमचा धाकटा सकाळी फार वाकडातिकडा चालतो हो. मी सहाला येते तेव्हा मशीनला धरून उभा असतो. काल मला म्हणाला, मावशी, माझ्या मोज्याचा गुंडाळा झालाय, जरा सरळ करता का. खाली वाकता येईना त्याला."

दुसऱ्या दिवशी दादा मुद्दाम लवकर गेला. धाकटा चादर उपसताना गुडघ्यात वाकत होता, पाठीत नाही. पाठ दाराच्या फळीसारखी एकसंध. मान वळवायची तर सगळं अंग वळवत होता.

"काय रे छोट्या, फळी गिळलीस का?"

"रोजचंच आहे दादा. सकाळी कंबर आणि पाठ धरते. दहापर्यंत सुटते."

"दहापर्यंत?"

"हो. हलत राहिलं की सुटते. बसलो की परत."

दादा हसला. त्याला खरंच हसू आलं. "वा! हा आजार आहे की सरकारी नोकर? ठरल्या वेळेला येतो, ठरल्या वेळेला जातो. आणि संध्याकाळी बॅडमिंटन खेळताना रजेवर असतो वाटतं?"

धाकटाही हसला. हसताना त्याने एक हात कमरेवर ठेवला होता, हे दादाने पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं.

खरं सांगायचं तर दादाला ते आणखी एका जागी कळत होतं. मोठी चादर घडी करायला दोन माणसं लागतात. समोरासमोर उभं राहायचं, चार टोकं दोघांत वाटून घ्यायची, झटका द्यायचा, मग एकमेकांकडे चालत यायचं. वर्षानुवर्षं हे काम केलेल्या माणसाला कापडातून समोरच्याचा हात कळतो. दमलेला आहे का, रागावलेला आहे का, लक्ष कुठे आहे, सगळं त्या झटक्यात येतं. धाकट्याचा झटका सकाळी यायचाच नाही. आधी क्षणभर काहीच नाही, मग खांद्यापासून काहीतरी अडखळत निघून कापडात यायचं. दादा त्या क्षणभराला थांबायचा, आणि मग जणू आपणच उशीर केला असं दाखवत "हं, चल" म्हणायचा. त्याला कळत होतं. पण कळलेलं मान्य केलं की पुढचंही मान्य करावं लागतं, आणि पुढे पावणेपाचचा गजर होता.

शेवटी दोघांच्या आईनेच धाकट्याला घराजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं. बाई चिकट स्वभावाच्या. कंबर दुखते म्हणून आलेल्या दहा जणांना गोळी देऊन घालवतील, पण अकराव्याला धरून बसतील. त्यांनी धाकट्याला शंभर प्रश्न विचारले, रक्त तपासलं, फोटो काढायला लावले, मोठ्या मशीनमध्ये घातलं, आणि तीन आठवड्यांनी दोघा भावांना समोर बसवून म्हणाल्या, "नशीबवान आहेस."

"मी?" धाकटा म्हणाला.

"लवकर सापडलं. लोक आठ-आठ वर्षं कंबर दुखते म्हणून फिरतात, तोवर मणके एकमेकांना चिकटून जातात. हा एक प्रकारचा संधिवात आहे. आयुष्यभर सोबत राहणारा, ते मी लपवत नाही. पण तुझ्या मणक्यांना अजून काही झालेलं नाही. नुसती सूज आहे. आत्ता आवरला तर आवरेल."

आजाराचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. दादाने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "बाई, नाव तरी जरा आटोपशीर ठेवायचं."

बाई हसल्या, पण तेवढ्यापुरत्याच. "ऐका. रोज व्यायाम. सकाळी उठल्यावर गरम पाण्याने अंघोळ, अंग मोकळं होईपर्यंत वजन उचलायचं नाही. या गोळ्या तात्पुरत्या आहेत. खरं औषध मोठ्या हॉस्पिटलातले तज्ज्ञ ठरवतील, आणि आणखी कशाकशावर लक्ष ठेवायचं तेही तेच नीट समजावतील. मी पत्र देते. ती तारीख चुकवू नका."

तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. छोटंसं कार्ड होतं, त्यावर दिवस, वेळ, खोली क्रमांक.

घरी येताना कोपऱ्यावर धाकटा म्हणाला, "दादा, तारखेपर्यंत पाळी बदलशील? दीड महिना फक्त. दुपारी मी दोघांचं काम करतो."

दादा म्हणाला, "बघू."

आता "बघू" हा शब्द दादाच्या घरात नकाराचा थोरला भाऊ होता, हे धाकट्याला लहानपणापासून माहीत होतं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

त्या आठवड्यात दादा पुष्कळ विचार करत होता. भाऊ आजारी आहे याचं त्याला वाईट वाटत होतं, अगदी मनापासून. कागद हातात आल्यावर सरकारी नोकराचा विनोद त्याने पुन्हा कधी केला नाही. पण वाईट वाटणं एका खोलीत चाललं होतं आणि विचार शेजारच्या खोलीत. तज्ज्ञ काय म्हणतील? मोठ्या हॉस्पिटलच्या कागदावर, शिक्का मारून लिहून देतील, की या माणसाने पहाटे वजन उचलू नये. दीड महिना नाही, कायमचं. मग नियमाप्रमाणे पहाटपाळी कुणाकडे? धाकट्यापेक्षा धाकटा घरात कुणी नाही. चिमी सोडून. म्हणजे दादा साठीचा होईपर्यंत पावणेपाच. डॉक्टरीणबाईंचं बोलणं हे बोलणं होतं, त्याला वळवता येत होतं. हॉस्पिटलचा कागद वळत नाही.

लॉन्ड्रीत येणाऱ्या प्रत्येक कपड्याचे खिसे आधी तपासायचे, हा दादाचा रोजचा उद्योग. पेनं, चाव्या, प्रेमपत्रं, सगळं निघतं. तारखेच्या आदल्या आठवड्यात धाकट्याच्या कामाच्या सदऱ्यातून ते कार्ड निघालं. दिवस गुरुवार होता. त्याच गुरुवारी सगळ्यात मोठ्या हॉटेलचा माणूस लॉन्ड्री बघायला येणार होता. दादाला हे निमित्त इतकं आयतं मिळालं की त्याला स्वतःलाच ते कारण वाटलं.

त्याने हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडून एक बाई बोलल्या.

"रुग्णाचं नाव?"

दादाने धाकट्याचं नाव सांगितलं.

"आपण स्वतः बोलताय?"

"हो."

"तारीख रद्द करायची की पुढे ढकलायची?"

"पुढे. थोडी पुढे."

"ठीक. रिकामी तारीख झाली की पत्राने कळवू."

"म्हणजे पुढच्या आठवड्यात?"

"पत्राने कळवू," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

यात दादाची जी चूक झाली ती लॉन्ड्रीवालाच करू जाणे. लॉन्ड्रीच्या धंद्यात पुढे ढकलणं म्हणजे काय? गिऱ्हाईक फोन करतं, आज नको, उद्या आणा. उद्या नेतात. फार तर परवा. गठ्ठा तिथेच फळीवर असतो, त्यावर खूण असते, तो कुणी नेत नाही. दादाला वाटलं, तारीखही अशीच कुठल्यातरी फळीवर खूण करून ठेवलेली असेल. दोन आठवडे, फार तर महिना. तेवढ्यात गोळ्यांनी बरं वाटायला लागलं तर तज्ज्ञांनाही एवढं कडक लिहावं लागणार नाही.

संध्याकाळी तो धाकट्याला म्हणाला, "अरे, लॉन्ड्रीत हॉस्पिटलचा फोन आला होता. तुझी तारीख त्यांनी पुढे ढकलली. पत्र पाठवतील."

"असं कसं?"

"मोठं हॉस्पिटल आहे. आपल्यासारखे हजार."

दादाची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, कांदा चिरत होती. ती वर न बघता म्हणाली, "त्यांच्याकडे लॉन्ड्रीचा नंबर कसा?"

"दिला असेल यानेच," दादा म्हणाला, आणि पंखा वाढवायला उठला.

पत्र पुढच्या आठवड्यात आलं नाही. महिन्याने आलं नाही. दुसऱ्या महिन्यात आलं, त्यात आणखी सहा महिन्यांनंतरची तारीख होती. त्याच दिवशी दादाने गुपचूप पुन्हा फोन केला, जुनी तारीख परत मिळेल का म्हणून. पलीकडची बाई निराळी होती आणि तिला जुन्या तारखेचं काहीच माहीत नव्हतं. ती तारीख दुसऱ्या कुणाला तरी केव्हाच मिळून गेली होती. तेव्हा धाकट्याला खरं सांगता आलं असतं. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन, हात जोडून, निकडीचं नवं पत्र मागता आलं असतं. त्यासाठी फक्त एक वाक्य बोलावं लागलं असतं, आणि ते वाक्य दादा दर वेळी उद्यावर ढकलायचा.

धाकट्याने मात्र कुणाला बोल लावला नाही. पहाटे सव्वाचारला उठून तो गरम पाण्याखाली उभा राहायचा, मग गठ्ठ्यांच्या मधल्या जागेत चटई टाकून पाय वर-खाली करायचा. मावशी म्हणायच्या, "काय रे, सर्कशीत जायचंय का?" तो म्हणायचा, "मावशी, तुम्ही खालून जाळी धरा, मी झुल्यावर चढतो." गोळ्यांनी थोडं बरं वाटायचं, थोडं नाही. बॅडमिंटन बंद झालं. कधी बंद झालं ते कुणाला नेमकं सांगता आलं नसतं. रॅकेट कपाटामागे गेली, एवढंच.

त्या फोननंतर पाचव्या महिन्यात त्याचा डावा डोळा लाल झाला.

लॉन्ड्रीत डोळा लाल होणं म्हणजे शिंक येण्यासारखं. ब्लीचचा शिंतोडा उडतो, सोड्याची पूड उडते. प्रत्येकाचा झालेला असतो. त्यावरचा उपाय भिंतीवर लिहायचीसुद्धा गरज नाही, गार पाण्याचे सपकारे मारायचे आणि कामाला लागायचं. धाकट्याने मारले. चौथ्या दिवशीही डोळा लालच होता. उजेडाकडे बघवत नव्हतं, डोळ्याच्या मागे ठणका होता.

"दादा, हे जरा निराळं वाटतंय," तो म्हणाला. "डॉक्टरांकडे जाऊन येऊ का?"

"ब्लीच आहे रे. मला एकदा आठ दिवस होता. पाणी मार, चोळू नकोस."

"शिंतोडा उडाल्याचं आठवत नाही."

"उडतो तेव्हा कळतं थोडंच?"

मावशींनी इस्त्री बाजूला ठेवली. "दादा, पोराला जाऊ द्या. डोळा आहे तो, सदऱ्याचं बटण नाही."

"मावशी, वीस वर्षं तुम्ही इथे आहात. कुणाचा डोळा गेला का आजवर?"

खरंच कुणाचा गेला नव्हता. मावशींनी इस्त्री परत उचलली.

दादा त्या वेळी खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. त्याला प्रामाणिकपणे ब्लीचच वाटलं होतं. पाठीचा आजार डोळ्यात कसा जाईल? हे त्याला सांगणार कोण होतं? ज्यांनी सांगायचं त्यांची तारीख त्यानेच पुढे ढकलली होती.

बाराव्या दिवशी धाकटा पांढऱ्या चादरीवरचा डाग शोधत होता आणि त्याला तो दिसेना. उजवा डोळा मिटला तर चादरच धुकट झाली. तो कुणाला न विचारता, ओल्या हातांनीच डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. दादा मागून धावत पोचला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवून विचारलं, "पाठीचा संधिवात वगैरे आहे का तुला?"

"आहे," धाकटा म्हणाला. "तुम्हाला कसं कळलं?"

"डोळ्याच्या आत सूज आहे. या आजारात येते. बाहुली आत चिकटून बसलीय. डोळा लाल झाला की त्याच दिवशी यायचं, हे तज्ज्ञांनी सांगितलं नाही? पहिल्याच भेटीत सांगतात."

"पहिली भेट अजून झाली नाही."

डॉक्टरांनी थेंब घातले, इंजेक्शन दिलं, आणि त्याच संध्याकाळी स्वतः मोठ्या हॉस्पिटलात फोन केला. पाच महिने न मिळालेली तारीख परवाची मिळाली.

परवा दोघे भाऊ तज्ज्ञांसमोर बसले. तज्ज्ञ वयस्कर होते, हळू बोलणारे. फाईल उलटता उलटता ते म्हणाले, "तुमची तारीख फेब्रुवारीत होती की. तुम्ही स्वतःच फोन करून पुढे ढकललीत असं लिहिलंय."

धाकट्याने दादाकडे पाहिलं. मान वळत नव्हती म्हणून सगळं अंग वळवून पाहिलं. डाव्या डोळ्यावर पट्टी होती. नुसता उजवा डोळा. मग तो परत समोर वळला आणि म्हणाला, "हो. कामाची अडचण होती."

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर धाकटा कठड्याला टेकून उभा राहिला.

"तू केलास फोन?"

"हो."

"माझ्या नावाने?"

"हो."

"आवाज माझ्यासारखा काढलास की आपलाच ठेवलास?"

जे बोलायचं नव्हतं तेच दादाच्या तोंडून गेलं. "मला वाटलं, ते लिहून देतील की तू पहाटे काम करायचं नाही."

धाकट्याने ते वाक्य अवघड गणितासारखं मनात सोडवून पाहिलं. "म्हणजे झोपेसाठी?" त्याने विचारलं. रागाने नाही. आपल्याला नीट कळलंय ना, एवढी खात्री करून घ्यायला.

दादाने होकाराची मान हलवली. मग म्हणाला, "उद्यापासून पहाटपाळी माझी. कायमची. आणि आईला मी आजच सगळं सांगतो."

"आईला काही सांगायचं नाही," धाकटा म्हणाला. "तिला दोन मुलं आहेत. ती असू देत."

घरी सांगितलं गेलं की हॉस्पिटलच्या घोळामुळे उशीर झाला. आईने हॉस्पिटलला यथेच्छ शिव्या घातल्या. दादा पुन्हा पावणेपाचला बॉयलर पेटवायला लागला, आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली, "भावासाठी पहाटे उठतो हो थोरला. कुठे मिळतात असे भाऊ?" ते ऐकताना दादाला ताटावरून उठून जावंसं वाटे. पण उठलं तर का उठलास ते सांगावं लागलं असतं. म्हणून तो खाली मान घालून जेवायचा, आणि आईला वाटायचं पोरगं लाजतंय.

एका रविवारी वहिनीने विचारलं, "तो फोन तुम्हीच केला होतात ना?" दादा हो म्हणाला. तेव्हापासून दादाने "अमक्याचा फोन आला होता" असं सांगितलं की ती एकदा तरी विचारते, "आला होता की केला होता?" चेष्टेने विचारते. उत्तर मात्र ऐकून घेते.

तज्ज्ञांनी धाकट्याला दर पंधरा दिवसांनी घ्यायचं एक इंजेक्शन सुरू केलं. आणि इथे दादाच्या सगळ्या आडाख्यांवर पाणी पडलं. तीन महिन्यांत धाकट्याची पाठ सुटली. पुरती नाही, पण सकाळी वाकून मोजा घालण्याइतकी. चौथ्या महिन्यात तो मान वळवून हाकेला ओ द्यायला लागला. दादाने तपासणीच्या दिवशी भीत भीत विचारलं, "डॉक्टर, याने पहाटेचं काम कधीच करायचं नाही ना?" तज्ज्ञ म्हणाले, "का नाही? औषध लागू पडलंय. अंग मोकळं केलं की खुशाल करू दे. हालचाल चांगलीच आहे."

"आणि हे... हे आधी सुरू झालं असतं तर?"

"फेब्रुवारीत आला असता तर एप्रिल-मेपर्यंत असाच झाला असता."

म्हणजे ज्या कागदाची दादाने धास्ती घेतली होती, त्या कागदावर उलटंच लिहिलेलं असतं. दीड महिना वाट, दोन-तीन महिने औषध, आणि धाकटा हसत पहाटपाळीला उभा. फोन केला नसता तर दादाला त्याची झोप मिळणारच होती. धाकट्याच्या डोळ्यासकट.

डोळ्याचं विचारायला दादाला धीर झाला नाही. ते धाकट्यानेच विचारलं. तज्ज्ञ म्हणाले, "तो आता एवढाच. जपायचा." धाकट्याला डाव्या डोळ्याने चादरीचा रंग कळतो, डाग कळत नाही.

त्या रात्री जेवण झाल्यावर धाकटा म्हणाला, "दादा, सोमवारपासून पहाटपाळी मी घेतो."

"नको. अजिबात नको. मी करतोय ना."

"मला जमतं आता."

"जमतं म्हणून करायलाच हवं असं नाही. छोट्या, एवढं तरी मला करू दे."

धाकट्याने आई आत गेलीय का ते पाहिलं. मग आवाज न चढवता म्हणाला, "तू पहाटे आलास की मी दहाला येतो, आणि मग संध्याकाळपर्यंत आपण दोघं तिथे असतो. चादरीच्या दोन टोकांना. मी पहाटे आलो तर तू यायच्या आत माझं बरंचसं काम उरकतं. बाराला मी निघेन. मला ते बरं पडेल."

दादाला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्याने विचारलं, "मग मोठ्या चादरी?"

"मावशींबरोबर करीन. विचारलंय मी त्यांना."

सोमवारी दादाने चावी दिली. धाकट्याने ती घेतली, "ठीक आहे" म्हणाला. भांडण झालं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. सणसमारंभाला दोघे शेजारी बसतात. धाकटा चिमीला शाळेचं गणित शिकवतो, दादाला वर्तमानपत्र आधी वाचायला देतो. कुणी परका बघेल तर म्हणेल, किती समजूतदार घर.

आणि दादाला झोप लागते, खोटं कशाला सांगायचं. पहिले काही दिवस तो सवयीने चारला जागा झाला, मग शरीराने ते सोडून दिलं. साडेसातला उठतो. घरचा चहा पितो. चिमीची वेणी आता तोच घालतो, वाकडी घालतो आणि ती चिडते. दहाला दुकानात शिरला की गिऱ्हाइकं "या मालक" म्हणतात. आत धाकटा आणि मावशी चादर झटकत असतात. दादा दाराशी थांबतो. चादर हवेने फुगून झटकली जाते, पूर्वीसारखी, वेळेवर. त्याच्या हातात काही नसतं. धाकटा म्हणतो, "आलास? बरं, हॉटेलचा गठ्ठा गेलाय," आणि घड्याळाकडे बघतो.

त्या डोळ्याचा त्रास अजून अधूनमधून उलटतो. मग धाकटा त्याच दिवशी एकटा दवाखान्यात जाऊन येतो. दादाने दोनदा बरोबर येतो म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. एकदा त्याने असंही म्हटलं की लॉन्ड्री तुझ्या नावावर करू. धाकटा म्हणाला, "दादा, मला तुझं काही नकोय रे." हे तो इतक्या सौम्यपणे म्हणाला की दादाला वाटलं, याने एकदा तरी शिवी द्यावी.

तर किंमत कुणी दिली, असं विचाराल तर ते असं. आईने काही दिलं नाही, तिला माहीतच नाही. वहिनीने थोडा विश्वास दिला, पण ती काटकसरी बाई आहे, उरलेल्यात संसार भागवते. डोळा धाकट्याने दिला, अख्खा, एकट्याने, आणि भाऊही त्यानेच गमावला, कारण भावाची गरज दादाला तशीही कधी धाकट्याइतकी वाटली नव्हती. राहिला दादा. दादा भरायला तयार होता. पुढे होऊन, हात पुढे करून, वेगवेगळ्या तऱ्हांनी तयार होता. त्याच्याकडून कुणी काही घेतलं नाही.